चाचांचं ‘हं’

“उतर खाली, गद्दारा!”

पोपट बंडगरनं बॉनेटवर अशी थाप मारली की मी आत बसल्या जागी दचकलो. बघता बघता स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर गाडीभोवती गोळा झाले. गाडी पांढरीशुभ्र, टपावर गरगर फिरणारं डब्यासारखं यंत्र, चारी अंगाला कॅमेरे. आणि आत मी, अंकुश मेटकरी. दिवाळीपर्यंत याच सांगोल्याच्या स्टँडवर पोपटच्या मागं जीप लावून बसणारा.

“उतरतो की. बॉनेट कशाला बडवतोस? सासऱ्यानं दिलीय का तुला?”

“हे यंत्र उद्या आमच्या पोटावर पाय देणार, आणि तू त्याला रस्ता दाखवत फिरतोस. लाज वाटू दे जरा!”

पोपटचं खोटं नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीनं मला कामावर घेतलं होतं आणि काम काय, तर ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाडीत ड्रायव्हर म्हणून बसायचं. ऐकणारा हसायचा, मीही हसायचो. पण स्टेअरिंग आपोआप फिरताना बघितलं की माझे हात आपसूक पुढं जायचे. आपण आयुष्यभर हात-पाय झिजवून जे शिकलो ते हिला जन्मतःच येतंय, याचा राग यायचा. आणि त्याच वेळी असंही वाटायचं की बरं आहे बाबा, हिला दारू नाही, मोबाइल नाही, कुणाशी चुरस नाही. धड शिव्या घालता येईनात, धड कौतुक करता येईना, अशी माझी गत झाली होती.

पोपटचीही तीच गत होती. तो फक्त ओरडून झाकायचा. सगळ्यांसमोर मला झापून झाल्यावर तो खिडकीजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, “एक सांग. बिनदिव्याची उसाची ट्रॉली हिला अंधारात दिसते का?”

“दिसते.”

“लांबून?”

“लांबून.”

त्यानं टपावरच्या यंत्राकडं एकदा बघितलं. त्याचा मेहुणा अशाच एका ट्रॉलीत घुसून गेला होता.

एवढ्यात दस्तूचाचांची ट्रॅव्हलर स्टँडात शिरली. दस्तगीर मुलाणी हे त्यांचं नाव, पण सगळं सांगोलं त्यांना दस्तूचाचा म्हणायचं. निम्म्या स्टँडला गाडी त्यांनी शिकवलेली. आमच्या घरात तर त्यांचा मान वेगळाच. माझे वडील, बिरा मेटकरी, आणि चाचा एकाच ट्रकवर जोडीनं होते. वडील गेल्यावर चाचांनीच मला हाताला धरून उभं केलं. माझी आई दर राखीपौर्णिमेला पहिली राखी त्यांना बांधायची, सख्ख्या भावाला नंतर.

“काय रं, पोराला कशाला दमात घेता?” चाचा काळा गॉगल सावरत उतरले. “दम असंल तर त्या गाडीला घ्या. कंपनीनं बोलावलंय न्हवं, या आणि बसून बघा म्हणून? मी बसतो. बघू तरी कोण कुणाला चालवतंय.”

ड्रायव्हर एकदम खूश. शिट्ट्या काय, आरोळ्या काय!

मी चाचांना बाजूला घेतलं. “चाचा, आज नको. रात्रभर गाडी चालवून गाणगापूरहून आलाय तुम्ही. उद्या पहाटे वऱ्हाड घेऊन विजापूरला निघायचंय. जरा पडा.”

माझ्या भाचीचं लग्न होतं. सगळं वऱ्हाड चाचांच्या ट्रॅव्हलरमधून जाणार होतं, आणि आई नेहमीसारखी पुढं, चाचांच्या शेजारच्या सीटवर. दुसऱ्या कुणाच्या गाडीत ती बसायचीच नाही.

“झोप?” चाचा हसले. “स्टेअरिंग हातात असताना मला झोप म्हंजे काय ते ठाव न्हाई, लेका. तुझा बाप असता तर त्यानं सांगितलं असतं.”

हे ते नेहमी म्हणायचे, आणि त्यामागं एक गोष्ट होती. ती मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की मला तोंडपाठ होती.

ट्रकवर त्या दोघांचा एक नियम होता. बाजूला बसणाऱ्यानं बोलत राहायचं आणि चालवणाऱ्यानं ‘हं’ म्हणत राहायचं. ‘हं’ आलं की समजायचं, गडी जागा आहे. ‘हं’ थांबलं की चिमटा काढायचा. मलाही चाचांनी हेच शिकवलं. माझा बाप बोलण्यात पटाईत. एकदा हुबळीला निघाले होते, गाडी चाचांच्या हातात, बाप बाजूला, मेंढरांच्या बाजाराची काहीतरी गंमत सांगत होता. जतच्या अलीकडं ट्रक थेट चिंचेच्या झाडावर गेला. बापाची बाजू चेपली. चाचा वाचले.

“बिरा बोलत हुता, मी हं म्हणत हुतो,” चाचा सांगायचे. पोलिसांना त्यांनी हेच सांगितलं, आईला हेच सांगितलं. “म्हंजे जागाच हुतो की! पूल ओलांडला, आणि चिंचच समोर. स्टेअरिंगच जाम झालं, दुसरं काय!”

सगळ्यांनी मानलं. आईनं मानलं, मीही मानलं. पुढं मी स्वतः त्या रस्त्यानं जीप घेऊन गेलो, तेव्हा एक गोष्ट मनात आली होती खरी. पूल आणि चिंच यांच्यात चांगलं लांबलचक अंतर आहे. मी चाचांना विचारलंही होतं. ते म्हणाले, “तवा रस्ता येगळा हुता, लेका.” असेल, म्हटलं. आपल्या माणसावर कोण संशय घेतो?

नवा हायवे तेव्हा तयार होऊन उद्घाटनासाठी अडकला होता. त्याचा एक मोकळा तुकडा कंपनीला चाचणीसाठी मिळाला होता. एका टोकाला कंपनीचा तंबू. जाऊन वळायचं आणि परत यायचं. येताना आधी ओढ्यावरचा पूल लागायचा, मग पिंपं मांडलेलं एक मोठं वळण, मग सरळसोट रस्ता थेट तंबूपर्यंत. स्टँडवरचे ड्रायव्हर दोन जीप भरून तमाशा बघायला आले. तंबूत रेवती मॅडम होत्या, कंपनीच्या इंजिनिअर. हसऱ्या, कुणालाही अहो-जाहो करणाऱ्या. त्यांनी चाचांना नीट समजावलं.

“आजोबा, हात नुसते स्टेअरिंगवर टेकवून ठेवायचे. तुम्ही जोर लावला की गाडी तुमचं ऐकेल. हात सैल सोडले की परत स्वतःची स्वतः चालेल. घाबरू नका, अंकुश शेजारी आहेत. त्यांच्या पायाशी जादा ब्रेक आहे.”

“घाबरायचं तिनं,” चाचा गाडीकडं बोट दाखवून म्हणाले. “आज तिला कळंल ड्रायव्हर कशाला म्हणत्यात.”

जाताना चाचांनी गाडीला काही करूच दिलं नाही. स्टेअरिंग असं गच्च धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली. वळणावर त्यांची एक जुनी सवय होती. आधी बाहेरच्या अंगाला जायचं आणि मग आत एक हिसका द्यायचा. ट्रकवाल्याचा हिसका. वर्षानुवर्षं ते ट्रॅव्हलरसुद्धा तशीच वळवायचे आणि मागच्या बायका ‘अगं बाई’ म्हणून एकमेकींवर कलंडायच्या. इथंही तसाच हिसका बसला, माझं डोकं काचेला लागलं.

“बघितलंस? ही अशी वळवायची असती,” चाचा खुशीत म्हणाले.

टोकाला जाऊन आम्ही वळलो. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गार. इंजिनाचा आवाज नाही, हादरे नाहीत, गाडी कशी पाण्यावरून चालल्यासारखी चाललेली.

“बोल की काहीतरी,” चाचा म्हणाले. “बाजूला बसून मुका काय बसलास? तुझा बाप असता तर आत्तापर्यंत दोन बाजार फिरवून आणलं असतं.”

मग मी लग्नाचं सुरू केलं. आईला जेवणात शेंगापोळीच हवी होती, व्याही जिलेबीवर अडून बसले होते.

“हं,” चाचा म्हणाले.

“आणि चाचा, नवरदेव घोड्यावर बसायला भितोय म्हणे. त्यानं आपल्या मामाला फोन केला, घोडा कॅन्सल करा म्हणून.”

“हं.”

“मामा म्हणतो, घोड्याचं ठरलंय, तुझंच कॅन्सल करतो.”

“हं.”

याला चाचा हसायला हवे होते. हसले नाहीत. असतील दमलेले, म्हणून मी पुढं बोलत राहिलो. पूल गेला. वळण आलं, आणि मी सवयीनं काचेपासून डोकं लांब घेतलं.

हिसका बसलाच नाही.

गाडी त्या पिंपांमधून अशी अलगद वळली की मांडीवरची पाण्याची बाटलीसुद्धा जागची हलली नाही. चाचांनी आयुष्यात असं वळण घेतलं नव्हतं. मी त्यांच्या हातांकडं पाहिलं. हात स्टेअरिंगवर होते, पण स्टेअरिंग त्यांच्या तळव्यांखालून आपलं आपण फिरत होतं. मी पुढं वाकलो आणि गॉगलच्या खालून पाहिलं.

डोळे मिटलेले होते.

माझा पाय ब्रेकवर गेला. दाबणार तेवढ्यात तोंडातून निघालं, “चाचा?”

“हं,” चाचा म्हणाले.

डोळे मिटलेलेच. मान ताठ, चेहरा शांत. आवाज अगदी तोच, जागेपणी असतो तोच.

“चाचा, झोपलाय का तुम्ही?”

“हं.”

आई गं! मी ब्रेक दाबला नाही. का दाबला नाही हे आजही मला सांगता येत नाही. रस्ता मोकळा होता, गाडी सरळ चालली होती, एवढं खरं. पण खरं कारण ते नव्हतं. मला पुढचं विचारायचं होतं, आणि ते विचारायची मला भीती वाटत होती. 

“चाचा, समोर झाड आलंय.”

“हं.”

“माझ्या बापालासुद्धा असंच हं म्हणत होता का?”

“हं,” चाचा म्हणाले.

मी सीटला चिकटून बसलो.  माझा बाप इथंच बसला होता. याच बाजूला. मेंढरांच्या बाजाराचं सांगत होता आणि त्याला वाटत होतं की आपलं कुणीतरी ऐकतंय. रस्ता सोडून चाकं खाली उतरली तेव्हासुद्धा ‘हं’ येतच असणार, म्हणून त्यानं चिमटाही काढला नसणार. मला ओरडावंसं वाटत होतं, त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटत होती. आणि ती पांढरी गाडी, जिच्या नावानं मी मनातल्या मनात रोज बोटं मोडायचो, ती आम्हा दोघांना सांभाळून घेऊन चालली होती. तिचे पाय धरावेत की तिच्यावर दगड घालावा, मला कळेना. तेव्हा अशी असती तर बाप वाचला असता. आणि आज नसती तर मला हे कळलंच नसतं.

तंबूपाशी गाडी आपली आपण हळू झाली आणि थांबली. पट्टा किंचित ताणला गेला, तशी चाचांनी मान हलवली.

“शेंगापोळीच करा म्हणावं,” ते म्हणाले. “जिलेबी काय, रोजचीच.” मग समोर बघितलं. “आलो बी?”

मी पट्टा सोडवला आणि दार उघडलं. 

चाचा खाली उतरले ते छाती काढूनच. ड्रायव्हरांनी त्यांना घेरलं. पोपटनं विचारलं, “काय चाचा, कोण जिंकलं?”

“आरं, तिला हात लावू दिला न्हाई स्टेअरिंगला! पार मीच आणली. आणि असा आलो, असा आलो…” चाचांनी हात हवेत सरळ नेला. “पूल ओलांडला, आणि तंबूच समोर!”

सगळे हसले. टाळ्या पडल्या. माझ्या कानात मात्र ते वाक्य घुमायला लागलं. तोच सूर, तसाच हात. लहानपणापासून ऐकलेला.

रेवती मॅडम लॅपटॉप घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं, उलट त्यांना कौतुकच होतं. “आजोबा, पुलापासून इथपर्यंत तुम्ही हात अगदी सैल सोडलेत! सगळी गाडीनंच चालवली. पहिल्याच फेरीत एवढा विश्वास कुणीच टाकत नाही हो.”

ड्रायव्हरांत खसखस पिकली. चाचांचा चेहरा लाल झाला.

“काय बोलताय, मॅडम? मी जागा हुतो! आरं, ह्यो अंकुश हुता की बाजूला. अंकुश, सांग यांस्नी. मी हं म्हणत हुतो का न्हाई?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“म्हणत होता,” मी म्हणालो.

“बघा!” चाचा म्हणाले. पण माझा आवाज त्यांना कळला. गाडीच्या नुसत्या घरघरीवरून बिघाड ओळखणारा माणूस तो, त्याला माझा आवाज कळणार नाही? ते माझ्याकडं बघतच राहिले. मी तिथं थांबलो नाही. तंबूच्या मागं गेलो आणि रिकाम्या पिंपावर एक लाथ घातली.

चाचा मागून आले. “काय झालं, पोरा?”

“मी विचारलं, झोपलाय का. तुम्ही हं म्हणाला.”

“चेष्टा करतोस म्हाताऱ्याची?”

“मी म्हणालो, चाचा, समोर झाड आलंय. तुम्ही हं म्हणाला!” माझा आवाज चढला होता. “डोळे मिटले होते तुमचे. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. बिरोबाची शपथ!”

चाचांनी गॉगल काढला.  ते बघत माझ्याकडं होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो. ते तिथंच मातीत बसले. मला त्यांना आणखी सुनवायचं होतं. पण तो चेहरा बघितला आणि मला कळलं, या माणसानं इतकी वर्षं आम्हाला फसवलं नव्हतं. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ते त्याला आत्ता, या क्षणी कळत होतं.

“म्हंजे बिरा…” चाचा म्हणाले. त्यांनी हातातला गॉगल मातीत ठेवला. मग म्हणाले, “त्यो बोलतच ऱ्हायला रं. मी हं म्हणतोय म्हणून त्यो बोलतच ऱ्हायला.”

बापाबद्दल मी विचारलेलं मी त्यांना सांगितलं नव्हतं. आजवर सांगितलेलं नाही. सांगायची गरजच पडली नाही.

तिथून चाचा सरळ आमच्या घरी गेले. मी नको म्हणत होतो. म्हटलं, उद्याचं लग्न होऊ द्या, आईला मी नंतर सांगतो. ऐकलं नाही. आई सोप्यात वऱ्हाडासाठी शेंगापोळ्या डब्यात भरत बसली होती. चाचा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“आत या की, दस्तूभाऊ. बाहेर का?”

“आक्का,” चाचा म्हणाले, “स्टेअरिंग जाम झालं न्हवतं. मी झोपलो हुतो.”

आईला आधी काही उमजलंच नाही. मग चाचांनी सगळं सांगितलं, आजचं आणि तेव्हाचं. एक शब्द स्वतःच्या बाजूचा घातला नाही. आईच्या हातातली पोळी हातातच राहिली. 

“त्यांना कळलं नसंल का मग?” तिनं विचारलं.

“न्हाई, आक्का. बोलतच हुता.”

“इतकी वर्षं मी म्हणायची, स्टेअरिंग जाम झालं तवा किती भ्याले असतील. डोळ्यांसमोर झाड येताना दिसलं असंल.”

 आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं. बाप गेला तेव्हा ती अशी रडलेली मला आठवत नाही. आम्ही दोघं तिथंच. ना ते गेले, ना मी त्यांना जा म्हणालो.

दार उघडलं तेव्हा तिनं तोंड धुतलं होतं.

“उद्या गाडी पोपट चालवंल,” ती मला म्हणाली. मग चाचांकडं न बघता म्हणाली, “तुम्ही मागं बसा.”

“मी येत न्हाई, आक्का. कुठल्या तोंडानं येऊ?”

“मागं बसा म्हणलं ना.”

आता बरीच वर्षं झाली. तशा गाड्या आता रस्त्यावर दिसतात, आणि स्टँडवरची नवी पोरं मला विचारतात, अंकुशदादा, तुम्ही पहिल्यापासून बघितल्यात, चांगल्या का वाईट? मी त्यांना काही सांगत नाही. मला विजापूरचा तो रस्ता आठवतो.

पहाटे निघालो. स्टेअरिंगवर पोपट, शेजारी आई, मागच्या टोकाच्या सीटवर चाचा, माझ्याजवळ. सगळ्या वऱ्हाडाला कुजबुज करायला विषय मिळाला होता, पण चाचांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. आईनं बाजूच्या माणसाचं काम सुरू केलं. पोपटशी बोलायला लागली, डाळिंबाच्या भावाचं, व्याह्यांचं, घोड्याला भिणाऱ्या नवरदेवाचं. जतच्या अलीकडचा पूल आला तशी तिची जीभ जरा अडखळली. पण थांबली नाही. म्हणाली, “पोपट, आमच्या मालकांना मेंढरांच्या बाजारातल्या लई गमती ठाव होत्या.”

“हं,” पोपट म्हणाला.

“हं म्हणू नगो!”

आख्खी गाडी दचकली. चाचा सीटवरून उठून उभे राहिले होते, पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून.  “हं म्हणू नगो, पोपट! तोंडानं बोल! शब्द बोल!”

पोपट गडबडला.  रस्त्याकडेची चिंच आली आणि मागं गेली.

आईनं वळून पाहिलं नाही. पण ती म्हणाली, “दस्तूभाऊ काय म्हणतायत, ऐकलंस का?”

“ऐकलं, काकू,” पोपट म्हणाला. “जागा हाय मी. बोला तुम्ही.”